मायची दहावी

गेल्या महिन्यात मुलीच्या शाळेत पालकांना बोलावलं होतं. आमचं घर जळगावात मेहरूणला, शाळा चालत जाण्याइतकी जवळ. समुपदेशक म्हणून नव्याने आलेल्या एक तरुण मॅडम पडद्यावर चित्रं दाखवत होत्या. काही मुलं बघून शिकतात, काही ऐकून, काही हाताने करून. आपल्या मुलाची पद्धत ओळखा, उगाच त्याच्या मागे लागू नका, असं त्या अगदी गोड आवाजात समजावत होत्या. मग त्यांनी एकेका पालकाला विचारायला सुरुवात केली. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "ऐकून शिकते. पण हातात काम असलं तरच." मॅडम खूश झाल्या. म्हणाल्या, "छान निरीक्षण आहे तुमचं. कितवीत आहे मुलगी?" आणि तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की मी मुलीचं नाही, मायचं सांगून बसले होते. माझी मुलगी दार लावून, कानात हेडफोन घालून अभ्यास करते. ती कशी शिकते हे तिचं तिला ठाऊक.

मायला जाऊन वर्ष होत आलं. घरी आले तरी तो प्रश्न डोक्यातून जाईना. शेवटी रविवारी सकाळी शिरपूरची बस धरली, पुढे सातपुड्याच्या बाजूला जाणाऱ्या रिक्षात बसले आणि गावातल्या बंद घराचं कुलूप काढलं.

बंद घराला एक वास असतो. आमच्या घराला तो हिंगाचा आहे. इतक्या महिन्यांत चूल पेटलेली नाही, तरी मधल्या खोलीत पाय टाकला की हिंग आणि पापडखार नाकात शिरतो. मी खिडकी उघडली, ओट्यावरचा पाचोळा झाडला आणि तिथेच बसले. याच ओट्यावर मी दहावी केली. माझ्याबरोबर मायनेही केली.

माय गावच्या अंगणवाडीत मदतनीस होती. सकाळी घरोघर फिरून पोरं गोळा करायची, रडणाऱ्याला काखेत, चालणाऱ्याला बोटाला, आणि अंगणवाडीत पोचली की खिचडी टाकायची. शिकवायचं काम सेविकाबाईंचं. त्या बाई आता म्हाताऱ्या झाल्या होत्या, निवृत्त व्हायला आल्या होत्या. त्या एकदा मायला म्हणाल्या, "तू दहावी झालेली असतीस तर माझ्या जागी तुलाच बसवलं असतं." बस, एवढंच. माय सातवी शिकलेली. तिने कोणाला न विचारता बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला आणि मग घरी येऊन सांगितलं. आबा, म्हणजे माझे वडील, तेव्हा जेवत होते. ते हसत म्हणाले, "तुले काय कलेक्टर व्हवानं शे का?" माय म्हणाली, "नई. बाई व्हवानं शे."

गावात बाई म्हणजे सेविका, शिक्षिका, जिला सगळे अहो-जाहो करतात ती. मायला गावात तिच्या नावाने कोणी हाक मारत नसे. पोरं तिला खिचडीवाली म्हणत, आणि पोरांचं ऐकून मोठेही तेच म्हणत. त्यात वाईट हेतू कोणाचाच नव्हता. पण मायच्या मनात ते खूप दिवस साचलेलं असावं.

मीही त्याच वर्षी दहावीला होते. घरात विद्यार्थिनी दोन आणि पुस्तकांचा संच एक. सुरुवातीला माय रोज संध्याकाळी भिंतीला टेकून पुस्तक उघडायची. पहिलं पान उलटायच्या आत तिची मान खाली यायची. आबा लांबून बघायचे आणि मला डोळा घालायचे. माय दचकून जागी व्हायची, डोळ्यांना पाणी लावायची, पुन्हा बसायची, पुन्हा डुलायची. "पुस्तक उघाडं का माले झोप येस," ती म्हणायची, आणि तिचा चेहरा इतका पडायचा की हसणारे आबासुद्धा दुसरीकडे बघायचे. तिला वाटायचं, आपलं डोकंच बंद पडलंय, शाळा सुटली तेव्हाच ते गंजलं.

मग पाऊस लागला. पावसात आमच्याकडे गोधड्या घालायच्या. ओट्यावर जुनी लुगडी पसरायची, चारी कोपऱ्यांना काही ना काही ठेवून ताणायची आणि धावदोरा घालत बसायचं. ओलसर कापडाचा वास, पत्र्यावरचा आवाज, आणि त्या आवाजाच्या वर जाईल असं मी ओरडून घोकत होते, कारण मला घोकल्याशिवाय काही येत नसे. धडा विज्ञानाचा होता, रक्ताभिसरणाचा. माय समोर टाके घालत होती. मी तिच्यासाठी वाचत नव्हते. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा गोधडीवर बसलो तेव्हा तिने सुई आत घातली, बाहेर काढली आणि बोलायला लागली. हृदयातून रक्त कुठे जातं, कुठून परत येतं, शुद्ध कुठलं, अशुद्ध कुठलं, सगळं. अहिराणीत, पण सगळं बरोबर. टाका संपेल तसं वाक्य संपत होतं. शेवटी तिनेच सुई थांबवली आणि माझ्याकडे बघत राहिली. इतकी आनंदी मी तिला त्याआधी कधी बघितली नव्हती.

"हात रिकामा ऱ्हायनात का मन्हं डोकं चालस नई," ती म्हणाली. "आते तू वाच व पोरी. मी आयकस."

त्या दिवसापासून आमच्या घरात अभ्यासाची वेळ म्हणून काही उरलं नाही. कामाची वेळ तीच अभ्यासाची. गोधडी संपली तेव्हा अर्धं विज्ञान संपलं होतं. भुईमुगाच्या शेंगा फोडताना इतिहास झाला. तिची बोटं टरफलं फोडत, दाणे एका बाजूला उडत, आणि अंगणभर मातीचा कोरडा वास सुटे. थंडी पडली तशी कपाशीची न उमललेली बोंडं घरी आली. ती फोडून आतला चिकट कापूस काढायचा. बोटं काळी पडायची, नखं दुखायची. त्या बोंडांवर भूगोल झाला. मायला धड्यांची नावं कधी लक्षात राहिली नाहीत. ती विचारायची, "तो शेंगास्ना धडा शे ना, त्याम्हा तो राजा कोन?" आणि मला बरोबर कळायचं. अजूनही भाजलेल्या शेंगा हातात घेतल्या की मला एखादी लढाई आठवते. हे कोणाला सांगायला जावं तर लोक वेड्यात काढतील.

समोरच्या घरात अक्का राहायच्या. एकट्याच. शाळेची पायरी कधी चढलेल्या नव्हत्या, पण गप्पांना हजर. त्या आपला पाट घेऊन यायच्या आणि मायबरोबर शेंगा फोडायला बसायच्या. मी वाचलेलं त्यांना कळायचं नाही, पुस्तकी भाषा त्यांच्या डोक्यावरून जायची. मग त्या मायला कोपराने ढोसायच्या, "काय म्हनस ती पोर? माले सांग." माय त्यांना सांगायची. अक्कांचं एका सांगण्यात भागत नसे. "मंग?" त्या विचारायच्या. "मंग काय व्हयनं? कसाले व्हयनं?" मायला उत्तर आलं नाही की ती माझ्याकडे वळायची, मी पान उलटून पुन्हा वाचायची. दोन-चार दिवस मध्ये जाऊ द्यायचे आणि अक्का अचानक, भाजी निवडता निवडता, जुनंच काहीतरी विचारायच्या. मायच्या डोक्यात जे गेलं ते असं पक्कं झालं. आज शाळेत मॅडम हेच सांगतात, दुसऱ्याला समजावून सांगा, मध्ये खंड पडू द्या, मग आठवून बघा. पडद्यावर ते सगळं बाणांनी आणि रंगीत चौकोनांनी दाखवतात. आमच्याकडे अक्का होत्या.

शिवरात्र झाली, ऊन तापायला लागलं, आणि पापडांचे दिवस आले. आज एकीच्या घरी, उद्या दुसरीच्या. प्रत्येक बाई आपलं पोळपाट-लाटणं घेऊन यायची. उडदाचं पीठ तेल लावून कुटलं जायचं, त्याच्या लाट्या व्हायच्या, आणि निम्म्या लाट्या तेलात बुडवून आम्ही पोरीच खायचो. परीक्षा तोंडावर आलेली. ज्या घरी पापड त्या घरी मायची उजळणी. मी मधोमध बसून वाचायची, माय लाटायची आणि सांगायची, आणि गोल करून बसलेल्या सगळ्या बायका ऐकायच्या. बाजारातल्या किराणा दुकानाच्या मारवाडी भाभी सगळ्यात पातळ पापड लाटायच्या. त्या एकदा लाटणं थांबवून म्हणाल्या, "यह तो मेरे को भी आ गया." सगळ्या हसल्या. त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतल्या कोणत्याही बाईला रक्ताभिसरण विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं.

आणि गल्लीने मायला बाई म्हणायला सुरुवात केली. आधी थट्टेत. माय लाटणं घेऊन दारात आली की अक्का बाकीच्यांना जागा करायला लावत म्हणायच्या, "सरका व, उन्यात आमन्या बाई." माय लाजायची, पदर तोंडावर घ्यायची. पण मग ते थट्टेचं राहिलं नाही. पोरंही म्हणायला लागली. एक दिवस अंगणवाडीतल्या एका लहानग्याने तिचा पदर ओढून "बाई, शू लागली" म्हटलं. माय ते घरी येऊन आबांना सांगत होती. आबा या वेळी हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी शिरपूरहून तिच्यासाठी निळ्या शाईचं पेन आणलं.

आता वाटतं, त्या पेनाकडे बघूनही आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. ज्याला येतं तो पास, अशी आमची सरळ समजूत. मायला येत होतं, सगळ्या गल्लीने ते कानांनी ऐकलं होतं. सगळ्यांनी मिळून तिला पापडांवरच पास करून टाकलं होतं. लिहायचं म्हणून काही वेगळं असतं, घड्याळ लावून लिहायचं असतं, हे तिला कोणी सांगितलं नाही. घरातली मी एकटीच रोज शाळेत लिहीत होते, पण मी होते पंधरा-सोळा वर्षांची, मला माझंच पुरे होतं.

परीक्षेचं केंद्र शिरपूरला. आम्ही दोघी एकाच गाडीने जायचो. ती पहाटे उठून डोक्याला तेल लावायची, ठेवणीतलं हिरवं पातळ नेसायची. तिची खोली वेगळी, बाहेरून बसणाऱ्यांची. पहिल्या पेपराला आत जाताना तिने मागे वळून माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. काळजी मलाच वाटतेय असं समजून ती मला धीर देत होती.

मी सुटून बाहेर आले तेव्हा ती चिंचेच्या झाडाखाली बसली होती. बराच वेळ तशीच बसली असावी. मी विचारलं, कसा गेला? ती म्हणाली, "बठ्ठं येत व्हतं माले. हातच चालना नई." सगळं येत असून हात का चालला नाही, हे मग तिने हळूहळू एकेक सांगितलं. प्रश्न वाचला की डोकं कोरं. मग ती पेन खाली ठेवायची आणि बाकाखाली, कोणाला दिसणार नाही अशी, दोन्ही हातांनी लाटल्यासारखं करायची. लाटता लाटता उत्तर यायचं. ते यायचं अहिराणीत. मग त्याचं पुस्तकातलं मराठी करायचं, शब्द शब्द जुळवायचा, आणि मग पेन उचलून लिहायचं, एकेक अक्षर कोरून, कारण सातवीनंतर तिने सहीखेरीज फारसं काही लिहिलंच नव्हतं. दोन ओळी होईपर्यंत बाकीच्यांची पानं उलटायची. घंटा झाली तेव्हा ती चौथ्या प्रश्नाच्या मध्यावर होती. पर्यवेक्षक तरुण होते, चांगले होते. "मावशी, वेळ संपली, द्या," म्हणाले. तिने एक वाक्य पुरं करू द्या म्हणून विनवलं. त्यांना करता येणार नव्हतं. त्यांनी कागद हळूच ओढून घेतला, आणि पेन लिहिता लिहिता बाकावर घासलं गेलं.

प्रत्येक पेपराला हेच. आम्ही घरी तिला भराभर लिहायला लावून पाहिलं, पण दोन पेपरांमधल्या सुट्टीत कोणाचा हात वळतो? अक्का रोज संध्याकाळी विचारायच्या, "आज काय विचारं त्यास्नी?" माय त्यांना पेपर तोंडी सोडवून दाखवायची. पूर्ण. पहिल्या प्रश्नापासून शेवटच्यापर्यंत. मी हातात प्रश्नपत्रिका धरून ऐकायची. माझ्याहून तिची उत्तरं चांगली असायची.

निकाल लागला त्या दिवशी अंग भाजणारी लू वाहत होती. मी पास झाले, चांगल्या मार्कांनी. मायचे तीन विषय राहिले. शाळेतून येताना तिने वाटेत पेढे घेतले. घरी येऊन गल्लीत सगळ्यांना वाटले, "पोर पास व्हयनी," म्हणत. मी मागच्या दारात रडत बसले होते तर माझ्या तोंडात पेढा कोंबत म्हणाली, "तू पास व्हयनी ना, मंग रडस कसाले?" त्या दिवशी तिच्या निकालाबद्दल कोणीच विचारलं नाही. सगळ्यांना तिच्या चेहऱ्यावरून कळलं होतं. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं मला आता वाटतं.

पुढच्या महिन्यात अंगणवाडीत नवीन सेविका आल्या. गावातल्याच एका घरात नुकत्याच लग्न होऊन आलेल्या, स्वभावाने गरीब. त्या मायला मावशी म्हणायच्या, मान द्यायच्या. पण पोरांना बाई मिळाल्या होत्या. गल्लीतही हळूहळू माय पुन्हा पूर्वीसारखी झाली. कोणी ठरवून केलं नाही. अक्का मात्र अधूनमधून विसरून बाई म्हणून जायच्या आणि मग जीभ चावायच्या. माय ऐकलं नाही असं दाखवायची.

राहिलेले विषय पुन्हा दे, असं मी म्हटलं. आबांनीही म्हटलं. "आते ऱ्हाऊ दे," एवढंच ती बोलली. पुढच्या पावसात गोधडी पसरली तेव्हा मी अकरावीचं पुस्तक घेऊन शेजारी बसले आणि मोठ्याने वाचायला लागले. तिने मला थांबवलं नाही. फक्त टाके घालता घालता उठली, आत गेली, आणि मी वाचायची थांबेपर्यंत बाहेर आली नाही. मग मी मनात वाचायला शिकले. त्या वर्षापासून आमच्या ओट्यावर पावसाचा तेवढा आवाज राहिला.

अंगणवाडीतून ती निवृत्त झाली ती मदतनीस म्हणूनच. आबा गेले, अक्का गेल्या. मी शिकले, नोकरीला लागले, जळगावला घर केलं. मायला कितीदा म्हटलं, ये राहायला. ती यायची, मेहरूण तलावावर माझ्याबरोबर फिरायची, नातीचा अभ्यास लांबून बघायची आणि आठ दिवसांत परत जायची. रिकाम्या हातांनी बसणं तिला जमायचं नाही.

गेल्या वर्षी तिचा श्वास अडकायला लागला म्हणून धुळ्याच्या दवाखान्यात ठेवलं. मग घशात नळी घालावी लागली, आणि तिचं बोलणं थांबलं. जिचं सगळं शहाणपण तोंडात होतं तिला आता काही सांगायचं तर लिहिण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता. नर्सने पुठ्ठ्याला लावलेला कागद आणि पेन तिच्या हाताशी ठेवलं होतं. दोन दिवस तिने त्याला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, मी भेटायला आत गेले तेव्हा, तिने बोटाने पेन मागितलं.

डॉक्टरांनी त्याच सकाळी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की आता ती इथून घरी जाण्याची आशा उरलेली नाही.

ती लिहायला लागली. एक अक्षर, मग थांबायची. डोळे मिटायची, छताकडे बघायची, पुन्हा पेन टेकवायची. मी पुठ्ठा धरून उभी होते. बाहेर घंटा झाली, वॉचमन भेटायची वेळ संपली म्हणून ओरडायला लागला, बाकीच्या खाटांपाशी असलेले लोक निघाले. नर्स मला बाहेर जा म्हणायला आली. तिने कागदाकडे बघितलं, मायच्या हाताकडे बघितलं, आणि म्हणाली, "लिहू द्या त्यांना. मी सांगते वॉचमनला." दिवे लागले. माय लिहीत होती. मी पुढचा शब्द सुचवला नाही. मला माहीत होतं ती आत कुठेतरी शब्द जुळवते आहे.

मला घरी जायचे आहे.

तोंडाने बोलता आलं असतं तर तिने "माले घर लई चाल" म्हटलं असतं. पण लिहायचं म्हणजे पुस्तकातलंच लिहायचं, हे तिच्या मनात तसंच राहिलं होतं. तिने शेवटी पूर्णविराम दिला, पेन ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. घरी नेतेस का, असं ती विचारत नव्हती. ते विचारणं कागदावर झालं होतं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि मला कळलं की ती लिहिलेलं माझ्याकडून तपासून घेते आहे.

"बरोबर आहे, माय," मी म्हटलं. "एकही चूक नाही."

तिने डोळे मिटले. घरी नेण्याबद्दल मी काहीच बोलले नाही.